विल्सनच्या आजाराची बातमी गावापर्यंत कशी पोहोचवावी

लातूर जिल्ह्यातील एका शाळेत मी सातवीला मराठी शिकवत असताना एका मुलाच्या दोन वह्या माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडल्या होत्या. जून महिन्यातील वहीत अक्षर टपोरे होते, काना-मात्रा जिथल्या तिथे होत्या आणि ओळ कुठेही सुटलेली नव्हती. जानेवारीतील वहीत तेच अक्षर बारीक होत होत ओळीखाली उतरले होते आणि वेलांट्या मध्येच तुटल्या होत्या. मी त्या पानावर लाल शाईने 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला, आणि पुढच्या आठवड्यातही फरक पडला नाही म्हणून त्याला वर्गासमोर उभे केले. त्याच्या हाताला कंप सुटतो हे मला दिसले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. दिसले होते, पण मुलगा घाबरला असेल असे मी धरून चाललो. घरच्यांनी आदल्या वर्षी त्याची कावीळ दोनदा 'उतरवून' आणली होती. जीभ जड होऊन त्याचे बोलणे कळेनासे झाले तेव्हा त्याला हैदराबादला नेले, आणि तिथे विल्सनच्या आजाराचे निदान झाले.

त्यानंतर या आजाराविषयी वर्तमानपत्रांत बातम्या याव्यात, आकाशवाणीवर कोणी बोलावे, ग्रामसभेत दोन शब्द सांगितले जावेत, यासाठी मी बराच खटाटोप केला. त्यात ज्या चुका झाल्या आणि जे थोडेफार जमले, त्यावरून हे लिहीत आहे. ज्यांच्या घरात किंवा ओळखीत हा आजार आहे आणि तो आपल्या तालुक्याला कळावा असे ज्यांना वाटते, त्यांना त्याचा उपयोग व्हावा. आनुवंशिक आजार दुसरा असेल तर तपशील बदलतील, पण कामाची रीत फारशी बदलणार नाही.

आजार आधी स्वतःला नीट सांगता यावा

बातमीदाराकडे जाण्यापूर्वी आपल्याला हा आजार साध्या मराठीत, फाइल न उघडता सांगता आला पाहिजे. रोजच्या अन्नातून थोडे तांबे शरीरात जाते आणि जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. १३व्या गुणसूत्रावरील एटीपी७बी या जनुकात दोष असला की हे काम अडते, आणि तांबे आधी यकृतात व पुढे मेंदूत आणि डोळ्यांत साठत जाते. किनिअर विल्सन या डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला पडले. जगात साधारण ३०,००० माणसांमागे एकाला तो असतो असा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. लक्षणे बहुतेकदा पाच ते पस्तीस या वयात दिसू लागतात. कोणाला आधी कावीळ, पोटात पाणी, पायांवर सूज, तर कोणाला आधी कंप, लाळ गळणे, बोबडे बोलणे, अभ्यासात एकाएकी मागे पडणे किंवा चिडचिडा स्वभाव.

यानंतरची गोष्ट बातमीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे, आणि ती मी पहिल्या दोन-तीन वेळा शेवटी सांगत असे. आनुवंशिक आजारांपैकी फार थोड्यांवर औषध आहे, आणि हा त्यांपैकी एक आहे. जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामाइनचा उपयोग दाखवून दिला; त्यानंतर ट्रायेंटिन आले, झिंकही वापरात आले. औषध जन्मभर घ्यावे लागते आणि मध्येच सोडले तर जिवावर बेतू शकते, पण यकृत आणि मेंदू फार बिघडण्यापूर्वी ते सुरू झाले तर माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. म्हणजे इथे अज्ञानाची किंमत थेट मोजावी लागते, आणि म्हणूनच एका साध्या बातमीलाही अर्थ आहे.

बातमी कशाची हे ठरवणे

'दुर्मिळ आजाराशी झुंज' असा मथळा देण्याचा मोह बातमीदाराला होतो आणि खरे सांगायचे तर घरच्यांनाही होतो. २०२१ साली मुंबईतील एका तान्ह्या बाळाच्या १६ कोटी रुपयांच्या इंजेक्शनची बातमी आपल्याकडे पारावर आणि एसटीच्या बाकड्यावरही वाचली गेली. त्या बातमीने मदत उभी राहिली, ती राहायलाच हवी होती. पण नंतर मी शिक्षकांच्या बैठकीत विचारले तेव्हा इंजेक्शनची किंमत प्रत्येकाला पाठ होती आणि स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या आजारात बाळाला नेमके काय होते हे एकालाही सांगता आले नाही. आकडा आजारापेक्षा मोठा झाला की असे होते.

विल्सनच्या आजारात पैशांचे आवाहन ही मुख्य बातमी नाही. मुख्य बातमी आहे ती लक्षणांची, आणि ती ज्याने वाचायला हवी तो वाचक ठरलेला आहे: वही तपासणारा शिक्षक, कावीळ झालेल्या पोराला घेऊन बसलेली आई, आणि अशा पोराला पहिल्यांदा पाहणारा गावातला डॉक्टर. मी बातमी लिहून देताना लाल शाईचा तो शेरा मारणाऱ्या माणसाला समोर धरतो. त्याने ती वाचून दुसऱ्या दिवशी वर्गात एखादी वही पुन्हा उघडली पाहिजे.

म्हणून निवेदन स्वतः लिहून न्यावे, एका पानापेक्षा मोठे नसावे, आणि त्यातला मुख्य परिच्छेद जसाच्या तसा छापता येईल असा असावा. माझ्याकडील मजकूर असा आहे, तो कोणीही वापरावा:

'शाळकरी मुलामुलींना वारंवार कावीळ होत असेल, हस्ताक्षर काही महिन्यांत बिघडले असेल, हाताला कंप सुटत असेल किंवा बोलताना जीभ जड होत असेल, तर त्यामागे विल्सनचा आजार असू शकतो. हा आजार आनुवंशिक असून तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. रक्तातील सेरुलोप्लाझमिन या तांबे वाहून नेणाऱ्या प्रथिनाची तपासणी, २४ तासांच्या लघवीतील तांब्याचे प्रमाण आणि स्लिट लॅम्प या डोळ्यांच्या डॉक्टरांकडील यंत्राने केलेली डोळ्यांची तपासणी यांवरून डॉक्टरांना निदानाची दिशा मिळते. औषध वेळेवर सुरू झाल्यास रुग्ण चारचौघांसारखे आयुष्य जगू शकतो. घरात एक रुग्ण आढळल्यास त्याच्या सर्व सख्ख्या भावंडांची, ती धडधाकट दिसत असली तरी, तपासणी करून घ्यावी.'

शेवटचे वाक्य जागेअभावी कापले जाते, असा माझा अनुभव आहे. ते कापू नये असे बातमीदाराला स्पष्ट सांगावे. आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील, म्हणजे दोष असलेल्या जनुकाची एकच प्रत दोघांत असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, त्यामुळे गावात दुसरा रुग्ण सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता पहिल्या रुग्णाच्या घरातच असते.

मथळा आणि तांब्याचा हंडा

एकदा मी निवेदन न देता तोंडी माहिती दिली. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात 'तांब्याच्या भांड्यातील पाण्याने मुलाचा मेंदू निकामी' अशा अर्थाचा मथळा आला. त्या आजारी मुलाच्या घरात पाण्याचा तांब्याचा हंडा सुनेने माहेराहून आणलेला होता. पुढचे कित्येक दिवस सासूने त्या बाईला सुखाने घास खाऊ दिला नाही. दुरुस्ती चार दिवसांनी आतल्या पानावर, बोटभर जागेत आली, आणि ती वाचलेला कोणी मला कधी भेटला नाही.

हा घोटाळा वारंवार होणार हे धरूनच चालावे, कारण आजाराच्या वर्णनातच तांबे आहे. तांब्याच्या भांड्यामुळे विल्सनचा आजार होत नाही, तो जनुकातील दोषामुळे होतो. मात्र ज्याला तो आहे त्याने तांब्याच्या भांड्यातले पाणी पिऊ नये. ही दोन वाक्ये निवेदनाच्या डोक्यावर ठळक लिहून द्यावीत. बातमीदार इंटरनेटवर शोध घेतो तेव्हा त्याच्यासमोर आणखी एक गोष्ट येते. लहान बाळांना होणारा यकृताचा एक वेगळा आजार पूर्वी भारतात आढळत असे, आणि पितळ-तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुधाशी त्याचा संबंध १९८०च्या दशकात पुण्यातील डॉक्टरांच्या अभ्यासातून पुढे आला होता. तो आजार निराळा, हा निराळा. मथळाही आपणच सुचवावा, आणि 'मला बातमी दाखवा' असे न म्हणता 'नावे, आकडे आणि तपासण्यांची नावे एकदा फोनवर वाचून दाखवाल का' असे विचारावे. पहिल्या वाक्याने बातमीदार दुखावतो, दुसऱ्याने त्याचे काम सोपे होते.

डोळ्याच्या छायाचित्राविषयीही सावध राहावे. बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडे दिसते हे खरे आहे, कायसर-फ्लायशर कडे असे त्याचे नाव आहे, आणि छापायला ते चित्र फार आकर्षक असते. पण आपल्याकडच्या गडद डोळ्यांत ते साध्या नजरेला बहुधा दिसत नाही, आणि फक्त यकृताचा त्रास असलेल्या बऱ्याच रुग्णांत ते नसतेही. चित्र छापून आले की लोक मोबाइलची बॅटरी पोराच्या डोळ्यात मारून पाहतात आणि कडे नाही म्हणून निर्धास्त होतात. चित्र छापायचेच असेल तर त्याखाली 'हे कडे घरी तपासता येत नाही' एवढी ओळ हवी.

कोणाकडे जावे, केव्हा जावे

तालुक्याच्या वार्ताहराकडे आधी जावे, जिल्ह्याच्या कार्यालयात नंतर. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारे मानधन नगण्य असते, त्याला जाहिरातीही गोळा कराव्या लागतात, आणि तो कदाचित जाहिरातीविषयी विचारेल. त्यात अपमान मानून घेण्यासारखे काही नाही, नम्रपणे नाही म्हणावे आणि चहा आपण पाजावा. बातमी दुपारीच हातात द्यावी. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला, व्हॉट्सअॅपवर पाठवता येईल असा असावा, सोबत ज्या डॉक्टरांचा हवाला दिला आहे त्यांची लेखी संमती असावी. वैद्यकीय विधान डॉक्टरांच्या तोंडी आणि शाळेतला प्रसंग आपल्या तोंडी, ही विभागणी पाळली की बातमी टिकते.

निवडणुकीचा हंगाम, अतिवृष्टीचे पंचनामे आणि सोयाबीनच्या भावाची आंदोलने यांच्या दिवसांत आपल्या बातमीला जागा मिळत नाही, आणि मिळू नये हेही एका अर्थी रास्तच आहे. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस २००८ पासून जगभर दुर्मिळ आजार दिन म्हणून पाळला जातो; तो दिवस जवळ आला की संपादकाला निमित्त मिळते. मला मात्र त्याहून शाळेच्या आरोग्य तपासणीचा दिवस जास्त उपयोगी पडला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून शाळांत आणि अंगणवाड्यांत येते. त्या दिवशी पथकातील डॉक्टरांना दोन वह्या दाखवून बोलते केले, तर बातमीला गावाचे नाव, तारीख आणि छायाचित्र आपोआप मिळते. छायाचित्र वह्यांचे घ्यावे, मुलाचे नाही.

आकाशवाणीला लोक विसरले आहेत, ते चुकीचे आहे. छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड आणि धाराशिव येथे केंद्रे आहेत, आणि शेतात रेडिओ अजून वाजतो. केंद्राच्या कार्यक्रम विभागाला पत्र लिहून आरोग्यविषयक कार्यक्रमासाठी डॉक्टरांचे नाव सुचवावे. भाषणात 'सेरुलोप्लाझमिन' हा शब्द एकदाच, सावकाश उच्चारावा आणि लगेच 'रक्ताची एक तपासणी' असे म्हणावे.

गावातली साधने यांहून वेगळी आहेत. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते, तिथे दहा मिनिटे मागून घ्यावीत. दोन वह्यांच्या छायाप्रती हातोहात फिरवल्या तर भाषणाची गरजच उरत नाही. ग्रामसभेत विषय पाणी आणि घरकुलाचा असतो, तिथे दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. सप्ताहातल्या कीर्तनकारांना मात्र मी मुद्दाम भेटलो. एका महाराजांनी निरूपणात शरीराचा विषय निघाला असता 'लेकराचं अक्षर बिघडलं तर आधी रागावू नका, दवाखाना दाखवा' एवढेच सांगितले, आणि माझ्या सगळ्या बातम्यांनी मिळून जितके लोक ओट्यावर आले नसतील तितके त्या आठवड्यात आले.

कावीळ उतरवणाऱ्यांशी बोलणे

हा भाग टाळला तर बाकीचे सगळे अर्धवट राहते. आपल्याकडे कावीळ झाली की गळ्यात माळ घालतात, हाताला चुना लावून पाणी पिवळे करून दाखवतात, नाकात औषध सोडतात. दूषित पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ काही आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरते, आणि श्रेय माळेला जाते. म्हणून 'ते सगळे थोतांड आहे' असा लेख लिहिला तर ज्याची कावीळ खरोखर उतरली तो वाचक पहिल्याच ओळीला आपल्यापासून तुटतो. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा धाक घालणेही मला या कामात उपयोगाचे वाटले नाही. दार बंद होते, एवढेच.

मी मागितले ते थोडे होते. एकाच पोराला दुसऱ्यांदा कावीळ झाली, किंवा कावीळीबरोबर पोट फुगले, हात थरथरला, तर माळ न घालता तालुक्याला पाठवा. दोघांनी मान्य केले, एकाने चहासुद्धा न विचारता वाटेला लावले. बातमीत त्यांचा उल्लेख टीका म्हणून न करता 'दुसऱ्यांदा होणारी कावीळ डॉक्टरांना दाखवा' असा करावा.

नाव, छायाचित्र आणि सोयरीक

प्रसिद्धी हवी असते आजाराला, घराला नको असते. घरातल्या एका मुलाचे नाव छापून आले की त्याच्या बहिणीच्या सोयरिकीला अडथळा येतो, ही भीती खोटी नाही. मुलाची, आईवडिलांची आणि मोठ्या बहिणीचीही वेगवेगळी संमती घ्यावी, आणि त्यांपैकी एकाचाही नकार असेल तर नाव, गाव आणि शाळा गाळून लिहावे. 'एका तालुक्यातील तेरा वर्षांचा मुलगा' एवढ्याने बातमीचे काहीही अडत नाही.

याच ठिकाणी आते-मामे भावंडांच्या लग्नाचा प्रश्न येतो. मामाच्या मुलीवर पहिला हक्क, ही आपल्याकडची जुनी समजूत, आणि लातूर-नांदेड-धाराशिवच्या सीमाभागात असे विवाह आजही होतात. आजोबांकडून आलेला तोच दोष नातवाला आणि नातीला दोघांनाही मिळण्याची शक्यता अशा घरांत वाढते, हे सांगितले पाहिजे. सर्वसाधारण जोडप्याला जन्मजात दोष असलेले मूल होण्याची शक्यता २ ते ३ टक्के धरली जाते आणि सख्ख्या आते-मामे भावंडांत ती साधारण दुप्पट होते. पण हाच आकडा उलट्या बाजूने सांगितला तर अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी असतात, आणि नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या घरीही विल्सनचा आजार आढळतो. झालेल्या लग्नाला दोष देणारी बातमी आजारी मुलाच्या आईला आरोपीसारखे उभे करते. वाहक माणूस स्वतः आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही, हे वाक्य मुलींच्या बापांसाठी म्हणून निवेदनात घालावेच.

बातमी आल्यानंतरचा आठवडा

बातमी सकाळी छापून आली आणि दुपारपर्यंत फोन सुरू झाले की 'कुठे जायचे' हा एकच प्रश्न येतो. त्याचे उत्तर आधी तयार नसेल तर बातमी छापूच नये, असे माझे मत आहे. छत्रपती संभाजीनगरचे घाटी हे शासकीय रुग्णालय, आणि लातूर, नांदेड व अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ही आपल्या लोकांच्या माहितीची ठिकाणे आहेत. तिथे पोट-यकृताचे किंवा मेंदूविकाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, आणि लघवीतील तांब्याची तपासणी तिथेच होते की नमुना बाहेर पाठवावा लागतो, हे आधी स्वतः जाऊन विचारून यावे. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचा विशेष केंद्र म्हणून समावेश आहे, गुंतागुंत असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना ते सांगून ठेवावे. आपण निदान सांगू नये. 'माझ्या पोराचे अक्षर घाण आहे' असे सांगणारे फोन सर्वांत जास्त येतात आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना काहीही झालेले नसते. विचारायचे ते एवढेच, की अक्षर आधीपासून असे आहे की या काही महिन्यांत बिघडले.

बातमीचे कात्रण व्हॉट्सअॅपवर फिरू लागले की त्यावर तारीख आणि डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागाचे नाव टाकून आपणच पुन्हा पाठवावे, कारण तीन वर्षांनी तेच कात्रण तारखेशिवाय परत येते आणि तोपर्यंत डॉक्टरांची बदली झालेली असते.

फोनची नोंद मी शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर ठेवतो: गावाचे नाव, मुलाचे वय, लक्षण, कुठे पाठवले, तपासणी झाली का, आणि शेवटी भावंडांची तपासणी झाली का. नावे लिहीत नाही. शेवटचा रकाना बहुतेक ओळींत रिकामा आहे, म्हणून दर सोमवारी शाळा सुटल्यावर त्या ओळींवरचे फोन मी पुन्हा लावतो.